सीमा खुली केली की सार्वभौमत्व जाते का? दक्षिण आशियाच्या अनुभवावरून एक उत्तर

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण आशियातील देशांनी युरोपाप्रमाणे एकमेकांसाठी सीमा खुल्या केल्या तर लहान देशांचे सार्वभौमत्व उरणार नाही, आणि याच भीतीने भूतानने चार देशांचा मोटार वाहतूक करार नाकारला, हे म्हणणे खरे आहे का? आणि भारतासारख्या मोठ्या देशाने अशा करारांत आपला निर्णयाधिकार बांधून का घ्यावा? जमिनीवरील सीमांवरून होणाऱ्या निर्यातीची कागदपत्रे आणि मालवाहतूक यांचे काम मी सुमारे तीस वर्षे केले आहे. नाशिकचा कांदा, विदर्भातली संत्री, यंत्रांचे सुटे भाग असा माल बांगलादेश आणि नेपाळकडे रवाना करताना करारातले एखादे कलम नाक्यावरच्या आवारात प्रत्यक्षात काय रूप घेते, हे मला रोज पाहावे लागले, आणि पुढे लिहिलेले बरेचसे त्यातूनच आलेले आहे.

सार्वभौमत्व सीमा खुली केल्याने जात नाही. जी सोय एका बाजूला एका रात्रीत, कारण न देता बंद करता येते, अशा सोयीवर दुसरी बाजू जगू लागली की ते जाऊ लागते. दक्षिण आशियातल्या लहान देशांची भीती ही आहे, आणि तिच्यावर उपाय करण्याची पहिली जबाबदारी आकारामुळेच भारतावर येते, असे मला मनापासून वाटते.

युरोपाचा दाखला इथे नीट लागू पडत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तिथे १९५१ च्या पॅरिस करारापासून कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एका सामाईक प्राधिकरणाकडे गेला, १९६४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सामाईक कायदा राष्ट्रीय कायद्याच्या वर आहे असे ठरवले, आणि मग ‘ब्रुसेल्स आमच्यावर राज्य करते’ ही तक्रार उभी राहिली, जिचा शेवट ब्रिटनपुरता २०१६ च्या सार्वमतात झाला. आपल्याकडे तक्रार करण्याजोगे असे प्राधिकरणच नाही. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्थापन झालेल्या सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतच प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा आणि द्विपक्षीय वा वादग्रस्त विषय चर्चेला घेऊ नयेत, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे प्रत्येक सदस्याला नकाराधिकार पहिल्या दिवसापासून मिळाला, सार्वभौमत्वाला कागदावर कसलाही धक्का लागला नाही, आणि संघटना जवळजवळ निश्चल राहिली. २०१४ च्या काठमांडू परिषदेत सार्कचा मोटार वाहतूक करार पाकिस्तानच्या हरकतीमुळे अडला, आणि २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची परिषद उरी येथील हल्ल्यानंतर झालीच नाही. या प्रदेशातील देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो, तर आग्नेय आशियातील आसियान देशांत तो पाचव्या हिश्श्याहून अधिक आहे.

दुसरा फरक भूगोलाचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. युरोपीय संघातला सर्वांत मोठा देश जर्मनी, पण त्याची लोकसंख्या संघाच्या एक पंचमांशाहूनही कमी आहे. त्याला आवरायला फ्रान्स, इटली, स्पेन, पोलंड आहेत. सार्कच्या लोकसंख्येचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या भारतात राहतो. त्याहून विशेष म्हणजे नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि पाकिस्तान या प्रत्येकाची सीमा भारताशी लागते, पण या चौघांत एकमेकांशी कोणाचीच लागत नाही. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळची भारताची एक चिंचोळी पट्टी आहे, जी अगदी अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटरच भरते, आणि तेवढ्याच पट्टीमुळे नेपाळच्या व्यापाऱ्याला बांगलादेशात माल पाठवायचा तर भारताची परवानगी लागते. अशा रचनेत ‘शेजाऱ्यांचे एकात्मीकरण’ याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक वेळा भारतातून जाणारी वाट असा होतो. वाट ज्याच्या अंगणातून जाते त्याच्या मर्जीचा प्रश्न मग टाळता येत नाही.

आता भूतानकडे वळू. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहतूक करारावर सह्या केल्या. एका देशाची मालवाहू वा प्रवासी गाडी परवाना घेऊन दुसऱ्या देशात थेट जाईल, सीमेवर माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागणार नाही, हा त्याचा गाभा. या करारात कोणत्याही देशाने आपला कायदा करण्याचा अधिकार दुसऱ्याला दिलेला नव्हता. परदेशी गाडीला यजमान देशाचेच कायदे लागू राहणार होते आणि त्या देशातल्या दोन ठिकाणांदरम्यान माल वाहण्याची तिला मुभा नव्हती. तरीही भूतानच्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे तिथल्या संसदेच्या पक्षविरहित वरिष्ठ सभागृहाने, नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला मान्यता नाकारली, आणि २०१७ मध्ये भूतान सरकारने उरलेल्या तिघांना आपल्याविना पुढे जायला सांगितले.

या नकाराला ‘भूतान घाबरला’ किंवा ‘भूतानला जगाशी संबंध नको’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण दक्षिण आशियात भारताशी सर्वांत अधिक जोडला गेलेला देश भूतानच आहे. त्याचे चलन ङुलट्रम रुपयाशी समान दराने बांधलेले आहे, त्याच्या बाजारात भारतीय रुपया चालतो, दोन्ही देशांत मुक्त व्यापार आहे, आणि चुखा, ताला, मांगदेछू या जलविद्युत प्रकल्पांची वीज भारताला विकून त्याच्या तिजोरीत मोठा भाग येतो. जयगाव आणि फुन्त्शोलिंग ही गावे तर एका कमानीच्या दोन बाजूंना वसलेली आहेत. अडचण वेगळी होती. आठ लाखांहून कमी लोकवस्ती, डोंगरातले अरुंद रस्ते, आणि देशाच्या भूमीपैकी किमान ६० टक्के भाग कायम वनाच्छादित राहिला पाहिजे असे सांगणारे संविधान, अशा देशात किती परदेशी गाड्या येतील याला वरची मर्यादा काय, आणि स्थानिक ट्रकमालकांचे पोट कशावर चालेल, असे प्रश्न तिथल्या प्रतिनिधींनी विचारले. शेजाऱ्याच्या एका राज्यातल्या ट्रकांची संख्यासुद्धा आपल्या लोकसंख्येच्या तुलनेत फार मोठी असेल, तर ‘परस्पर समान संधी’ हे शब्द कागदावर समान आणि रस्त्यावर असमान ठरतात. याच भूतानने पुढे ६ डिसेंबर २०२० रोजी बांगलादेशाशी पसंतीच्या व्यापाराचा करार केला, २०२३ मध्ये त्याच देशाशी पारगमनाचा, म्हणजे एकमेकांच्या भूमीतून माल पुढे नेण्याचा, करार केला, आणि त्याआधी २०१९ मध्ये आसाममधील धुबडीहून ब्रह्मपुत्रेच्या जलमार्गाने आपला दगड नारायणगंजला पोचवला. त्याने नाकारली ती वेगाची आणि संख्येची बाब. एकात्मीकरण त्याने कधीच नाकारले नव्हते. निवडून आलेल्या सभागृहात, जाहीर चर्चा करून, सरकारच्याच सहीला विरोध करता येणे, हा सार्वभौमत्वाचा वापर आहे आणि तो तितक्याच आदराने पाहिला गेला पाहिजे.

भूतानच्या मनातली जुनी सल कोणती असेल, तर तिचे एक उदाहरण २०१३ मधले आहे. त्या वर्षीच्या जुलैत, भूतानची निवडणूक अगदी तोंडावर असताना, तिथे जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसवरचे आणि रॉकेलवरचे भारतीय अनुदान थांबले आणि भाव एकदम चढले. मुदत संपल्याने झालेली ती तांत्रिक चूक होती असे स्पष्टीकरण देण्यात आले आणि अनुदान नंतर पुन्हा सुरूही झाले. हेतू काय होता यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण घरातल्या शेगडीची ज्योत दुसऱ्या राजधानीतल्या एका फाइलवर अवलंबून आहे, हे त्या आठवड्यात थिंफूतल्या प्रत्येक कुटुंबाला समजले, आणि तीन वर्षांनी करार सभागृहापुढे आला तेव्हा ते विसरले गेले असेल असे मला वाटत नाही.

नेपाळची गोष्ट लांब आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची आणि व्यापार करण्याची मोकळीक देतो. असा खुलेपणा युरोपाने कित्येक दशकांनी मिळवला. लाखो नेपाळी माणसे भारतात व्हिसाविना काम करतात, मुंबई-पुण्यातल्या इमारतींच्या दारांवर आणि उपाहारगृहांच्या भटारखान्यांत ती आपल्याला रोज भेटतात, आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पैशावर तिकडची कितीतरी खेडी उभी आहेत. तरीही नेपाळमध्ये या करारावर राग आहे. त्यावर नेपाळच्या बाजूने राणा घराण्यातले पंतप्रधान मोहन शमशेर यांची सही आहे, आणि भारताच्या बाजूने पंतप्रधानांची सही नसून राजदूताची आहे; शिवाय त्यानंतर काही महिन्यांतच राणांची सत्ता कोसळली. सोबतच्या पत्रांत शस्त्रखरेदीविषयी भारताशी सल्लामसलतीची अट आली. कराराचा लाभ सामान्य माणसाला झाला, पण ज्या रीतीने तो झाला तिच्यात त्या माणसाचा आवाज कुठेच नव्हता, आणि एखाद्या कराराची वैधता त्याच्या लाभांनी भरून निघत नाही, हे सत्तर वर्षांहून अधिक काळ आपल्याला दिसते आहे. दोन्ही देशांच्या मान्यवरांच्या गटाने या कराराचा फेरविचार करून २०१८ मध्ये अहवाल तयार केला. तो दोन्ही सरकारांनी स्वीकारलाच नाही, ही मला फार मोठी संधी दवडल्यासारखी वाटते.

भूवेष्टित देशाला समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने मान्य केलेला आहे; मात्र वाटेच्या अटी वाटेवरच्या देशाशी करार करूनच ठरतात. नेपाळने १९८८ मध्ये चीनकडून शस्त्रे घेतल्यानंतर आणि इतर काही वाद साचल्यानंतर मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन यांच्या करारांची मुदत संपली, तेव्हा भारताने बहुतेक नाकी बंद केली आणि नेपाळात इंधनासाठी रांगा लागल्या. १९९१ मध्ये पुन्हा करार झाले तेव्हा व्यापाराचा करार वेगळा आणि पारगमनाचा वेगळा ठेवला गेला. बाहेरच्या माणसाला ही कागदपत्रांची किरकोळ मांडणी वाटेल, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला तिचे मोल लगेच कळते, कारण त्यामुळे जकातीवर भांडण झाले तरी समुद्राची वाट त्याच भांडणात गहाण पडत नाही. कोलकात्याच्या बंदरात उतरलेला नेपाळचा कंटेनर मोहोरबंद होऊन रक्सौलमार्गे वीरगंजला जातो, वाटेत माल भारतातच विकला गेल्यास बुडणाऱ्या जकातीसाठी विमा किंवा हमी घेतली जाते, आणि गेल्या काही वर्षांपासून त्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक मोहोर लावून त्याचा माग ठेवला जातो. भारताची काळजीही या व्यवस्थेत पुरेशी घेतलेली आहे.

एवढे असूनही २०१५ साली हीच वेळ पुन्हा आली. एप्रिलमधल्या भूकंपातून देश सावरत असताना, २० सप्टेंबरला नवे संविधान लागू झाले, त्यावर नाराज असलेल्या, दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या मधेशी आंदोलकांनी सीमेवर ठाण मांडले, आणि काही महिने इंधन व औषधे अडली. भारताने नाकेबंदी केल्याचे नाकारले. नेपाळातल्या बहुतेक लोकांनी ते मानले नाही. परिणाम मार्च २०१६ मध्ये दिसला, जेव्हा नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला. कोलकाता वीरगंजपासून सातशे-आठशे किलोमीटरवर आहे आणि चीनची बंदरे काठमांडूपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहेत, म्हणून व्यापाराच्या हिशेबात या कराराला फारसा अर्थ नव्हता. तो पर्याय हाताशी असावा यासाठी केलेला होता. वापरायची इच्छा नसलेला मागचा दरवाजा माणूस बांधून घेतो, तेव्हा पुढच्या दाराबद्दल त्याचा अनुभव काय आहे हे विचारले पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत नेपाळचा अनुभव आणखी बोलका आहे. १९५४ च्या करारानुसार कोशी नदीवरचे बंधारे नेपाळच्या जमिनीवर उभे राहिले आणि त्यांची देखभाल भारताकडे राहिली. ऑगस्ट २००८ मध्ये कुसहा येथे बांध फुटला, तेव्हा नेपाळच्या सुनसरी भागातील आणि बिहारमधील लाखो माणसांची घरे-शेते पाण्याखाली गेली, आणि जमीन एकाची, बांध दुसऱ्याचा अशा स्थितीत जबाबदारीवरून आरोप होत राहिले. याआधी १९९१ च्या अखेरीस महाकाली नदीवरच्या टनकपूर बंधाऱ्याचा समझोता झाला होता, ज्यात धरणाच्या बांधासाठी नेपाळची जेमतेम तीन हेक्टरांच्या आतली जमीन लागत होती. नेपाळ सरकार त्याला साधी समजूत म्हणत होते, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हा आंतरराष्ट्रीय करार असून तो संसदेपुढे नेलाच पाहिजे, असा निर्णय दिला. त्यातूनच १९९६ चा महाकाली करार आला आणि नेपाळी संसदेने तो दोन तृतीयांश बहुमताने संमत केला. दुर्दैवाने त्यातल्या पंचेश्वर धरणाचा अहवाल सहा महिन्यांत तयार व्हायचा होता, तो अनेक दशकांनीही दोघांच्या संमतीने पुरा झालेला नाही. संमती मिळाली म्हणजे काम होतेच असे नाही, हे मला मान्य आहे. पण संमतीविना झालेले काम कोशीसारखे कायम वादात राहते.

आता दुसऱ्या बाजूचेही नीट पाहू, कारण भारताच्या चिंता काल्पनिक नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले, आणि खुल्या सीमेचा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक सुरक्षा बैठकीत निघतो. व्यापारातही तसेच आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात अल्पविकसित देशांच्या मालाला, त्यात किमान ३० टक्के मूल्य त्या देशात भरलेले असेल, तर सवलत मिळते. भारताने तर २०११ मध्ये अशा देशांसाठीची संवेदनशील, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या, वस्तूंची यादी मद्य-तंबाखूसारख्या अवघ्या २५ नोंदींवर आणली, जे मला आपल्या देशाचे उदार आणि दूरदर्शी पाऊल वाटते. पण २०१९ च्या सुमारास नेपाळहून शुद्ध केलेले पामतेल मोठ्या प्रमाणावर भारतात येऊ लागले, आणि नेपाळात तेलताडाची लागवड मुळात होतच नाही. बाहेरून आणलेले कच्चे तेल तिथे शुद्ध करायचे आणि जकातीविना भारतात विकायचे, असा तो मार्ग होता. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवरच निर्बंध घातला. आपल्या तेलबिया उत्पादकाचे संरक्षण करणे हा भारताचा अधिकार आहे यात शंका नाही. मात्र माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या उत्पत्तीच्या नियमांची पडताळणी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी मिळून करावी, वाद झाल्यास तो ठरावीक दिवसांत एका समितीपुढे जावा, अशी व्यवस्था चालती असती तर आयातच रोखण्याची वेळ आली नसती. मजबूत नियम नसले की मोठ्या देशालाही बंदीचे एकच जड हत्यार उरते, आणि मग तो प्रत्येक दुखण्यावर तेच वापरतो.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे, आणि तो मी फार जवळून पाहिला. कांद्याची निर्यात २९ सप्टेंबर २०१९ रोजी बंद झाली, पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा झाली, आणि ८ डिसेंबर २०२३ ला तिसऱ्यांदा झाली. २०२० च्या त्या दिवशी बांगलादेशाच्या सीमेवर गाड्यांच्या रांगेत आमच्या पक्षकारांचाही कांदा उभा होता. कागद तयार होते, पैसे येणे बाकी होते, आणि ताडपत्रीखालचा माल पावसाळी उकाड्यात सुटू लागला होता. चालक रोज सकाळी फोन करून वास कसा येतो आहे ते सांगत. आधी कागदपत्रे पूर्ण झालेल्या काही मालाला नंतर सूट मिळाली, पण तोवर किती गोण्या उकिरड्यावर गेल्या हे मला ठाऊक आहे. त्याच वर्षी टाळेबंदीच्या काळात नाशिक जिल्ह्यातून रेल्वेने थेट बांगलादेशात कांदा पोचवला गेला होता, म्हणजे जोडणी किती घट्ट होऊ शकते हेही आपण सिद्ध केले होते. २०१९ च्या बंदीनंतर दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी आधी सूचना मिळाली असती तर बरे झाले असते, असे जाहीरपणे म्हटले होते. त्यांची मागणी बंदी नको अशी नव्हती. पूर्वसूचना हवी, एवढीच होती. बांगलादेशाने पुढे स्वतःची कांदा लागवड वाढवण्यावर आणि दुसरे पुरवठादार शोधण्यावर भर दिला, आणि आपल्या संत्र्यांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने इतके चढवले की अमरावती-नागपूरच्या बागाईतदारांचा हातचा बाजार गेला. भारताचा कांदा बंद करण्याचा अधिकार आणि बांगलादेशाचा शुल्क वाढवण्याचा अधिकार, दोन्ही सार्वभौम अधिकार होते. दोघांनी ते पूर्णपणे वापरले आणि नुकसान निफाडच्या व वरुडच्या शेतकऱ्याने सोसले.

म्हणूनच ‘भारताने निर्णयाधिकार का बांधून घ्यावा’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, पूर्वसूचनेचे बंधन घेतल्याने निर्णयाचा अधिकार जात नाही, फक्त तो अचानक वापरता येत नाही, आणि अचानकपणाची किंमत आपल्याच लोकांना द्यावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाचा माल भारतीय बंदरांतून व विमानतळांवरून तिसऱ्या देशांना पाठवण्याची २०२० पासूनची सोय भारताने काढून घेतली. विमानतळांवरच्या गर्दीचे कारण त्यासाठी दिले गेले आणि ती गर्दी खोटी नव्हती. नेपाळ-भूतानच्या मालाला हा निर्णय लावला नाही, हेही योग्य झाले. पण ती सोय एका परिपत्रकाने आली होती आणि एका परिपत्रकाने गेली. संसदेने मान्य केलेल्या करारात सहा महिन्यांच्या सूचनेची अट असती, तर ढाक्यातल्या कापड निर्यातदाराला दुसरी वाट शोधायला वेळ मिळाला असता आणि भारताच्या शब्दावरचा विश्वास कमी झाला नसता.

बंधन घेऊन सार्वभौमत्व वाढते, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण छिटमहालांचे आहे. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर एका देशाच्या जमिनीने पूर्ण वेढलेले दुसऱ्या देशाचे १६२ तुकडे होते: भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१. तिथल्या सुमारे ५१ हजार माणसांना शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, मतदान यातले काहीही धड मिळत नव्हते, कारण त्यांचे सरकार परक्या देशापलीकडे होते. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला, पण बेरुबाडी प्रकरणात १९६० मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की भूभाग देण्यासाठी घटनादुरुस्ती लागते, आणि ती १०० वी घटनादुरुस्ती २०१५ मध्ये झाली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री हे तुकडे बदलले गेले. १७ हजारांहून अधिक एकर जमीन देऊन भारताने सात हजारांहून अधिक एकर घेतली. केवळ नकाशा मोजणाऱ्याच्या दृष्टीने आपण दहा हजार एकर गमावले. प्रत्यक्षात ज्या जमिनीवर आपले कोणतेही राज्य पोचत नव्हते ती सोडून आपण पोचता येईल अशी सीमा मिळवली, आणि संसदेच्या संमतीने मिळवली, म्हणून त्यावर आज कोणी गंभीरपणे आक्षेप घेत नाही. तिस्तेच्या पाण्याचा करार मात्र २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे राहिला. देशाच्या आतल्या घटकाला विश्वासात न घेता बाहेर शब्द देता येत नाही, हा धडा दिल्लीला तिथे मिळाला आणि तो थिंफूतल्या धड्याहून वेगळा नाही.

अलीकडे एक गोष्ट मात्र मला खरोखर उमेद देते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात वीजविक्रीचा त्रिपक्षीय करार झाला आणि नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाऊ लागली. ४० मेगावॅटमध्ये एखाद्या मध्यम शहराची गरजही भागत नाही. पण सिलिगुडीच्या पट्टीमुळे कायम वेगळे राहिलेले दोन देश भारताच्या वाटेने, भारताला वहनाचे शुल्क देऊन, आपसात विजेचा व्यवहार करू लागले, हे या प्रदेशात पहिल्यांदा घडले. चिनी गुंतवणूक असलेल्या प्रकल्पांची वीज भारत घेत नाही, यावर नेपाळात नाराजी आहे आणि मला ती समजण्यासारखी वाटते. तरी हा नियम निदान लिहिलेला आणि आधी जाहीर केलेला आहे, आणि नेपाळचा उद्योजक धरणाचा पैसा उभारण्याआधीच तो वाचू शकतो.

या सगळ्याची पुढची कसोटी गंगेच्या पाणीवाटपात आहे. १२ डिसेंबर १९९६ चा भारत-बांगलादेश करार ३० वर्षांचा आहे, म्हणजे त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. १ जानेवारी ते ३१ मे या काळात दर दहा दिवसांच्या हिशेबाने पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यापाशी पाणी मोजले जाते. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मे-निम्मे, ७५ हजारांच्या वर असेल तर ४० हजार भारताला आणि उरलेले बांगलादेशाला, असे त्याचे गणित आहे. ५० हजारांच्या खाली प्रवाह गेल्यास दोघांनी तातडीने बसून बोलावे असे त्यात म्हटले आहे, पण बोलणे फिसकटले तर कोणाकडे जायचे ते म्हटलेले नाही. नव्या करारावर बसणाऱ्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांकडे माझी विनंती तीनच गोष्टींची आहे: मोजमापाचे आकडे त्याच दिवशी दोन्ही देशांतल्या लोकांना पाहता यावेत, प्रवाह नीचांकाखाली गेला तर कोणी किती कपात सोसायची हे आधीच लिहावे, आणि मतभेद ठरावीक दिवसांत एका तटस्थ तज्ज्ञाकडे न्यावा. पाटण्याला आणि कोलकात्याला त्या टेबलाशी जागा द्यावी, आणि सही झाल्यावर तो मसुदा दोन्ही संसदांपुढे ठेवावा.